नाव डेअरीचं, जागा शाळेची

मला जुना म्हणावं तर मी अजून रोज ड्युटीवर आहे, आणि नवा म्हणावं तर अंगावरच्या राखी रंगाचे पोपडे निघालेत. मित्रांनो, मी एक डीपी आहे, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. कुरणवाडीच्या शाळेच्या कुंपणाबाहेर, दोन खांबांच्या मध्ये लोखंडी माचावर बसून दिवसभर घूंऽऽ करत असतो, तो मीच. अकरा हजार व्होल्टच्या तारेतून वीज घ्यायची, तिला शांत करायची आणि तुमच्या घरातल्या पंख्याला, टीव्हीला सोसेल एवढीच खाली सोडायची, हे माझं काम. माझ्याजवळून जाताना तुमच्या बाई तुम्हाला दंडाला धरून रस्त्याच्या पलीकडं नेतात. बरोबरच करतात त्या. मी एका भल्या माणसाचा उजवा हात खाल्लाय, कोपराखालचा सगळा.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही माझं कौतुक ऐकत बसाल आणि शेवटी म्हणाल, लबाड आहे हा डीपी.

माझा जन्म शिरोलीच्या एमआयडीसीतला, एका पत्र्याच्या शेडमधला. माझ्या पोटात काय आहे म्हणाल, तर तांब्याची तार, तिच्यावर कागद, आणि सगळं तेलात बुडवलेलं. ती तार गुंडाळायला अंबूबाई होत्या. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातून सकाळच्या एसटीनं यायच्या, पदर खोचायच्या आणि तोंडानं वेढे मोजत बसायच्या. दोनशे अकरा, दोनशे बारा. मध्येच कुणी हाक मारली तर त्या लगेच ओ द्यायच्या नाहीत. आधी हातातल्या वेढ्याला लाल दोरा बांधायच्या आणि मगच "ओ" म्हणायच्या. मुकादम वैतागायचा.

"अंबूबाई, कानात बोळं घातल्यात काय?"

"आधी खूण, मग ओ," त्या म्हणायच्या. "मोजायचं चुकलं आन् तुमचा डीपी जळला, की माझ्याच नावानं बोंब मारशीला न्हवं?"

हे वाक्य मी जन्माआधीच ऐकलं होतं. पण ऐकून काय उपयोग? ते पुढं कुणाला सांगायला मला तोंड नव्हतं.

मला कुरणवाडीला आणलं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. नृसिंहवाडीपासून जवळच, नदीच्या अंगाला आमचं गाव. दूध डेअरीशेजारी मला उभं केलं आणि नारळ फोडला तो आकारामतात्यांनी. आकारामतात्या म्हणजे आमच्या गावचे वायरमन. अंगानं सडपातळ, पण आवाज असा की खांबावरून बोलले तर नदीपलीकडच्या माणसानं ओ द्यावी. त्यांच्या दावणीला चंद्री नावाची म्हैस होती. ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. तात्यांची बायको झुंबरबाई बसल्या, तरी लाथ ठरलेली. म्हणून रोज सकाळी धार तात्याच काढायचे, कॅन घेऊन डेअरीत यायचे आणि जाताना माझ्या खांबाला उजव्या हातानं एक थाप मारायचे.

"काय डेअरी डीपी, बरं हाय न्हवं?"

डेअरी डीपी! काय सांगू तुम्हाला, ते नाव ऐकलं की मी असा फुगायचो! डेअरीतलं दूध थंड ठेवायचं मशीन माझ्यावर चालायचं. मी बंद पडलो तर आख्ख्या गावाचं दूध नासणार. डेअरीतली माणसं म्हणायची, "आपला डीपी लई गुणाचा." खरं तर गुण तात्यांच्या हाताचा होता. माझं तेल ते बघायचे, माझे नट ते आवळायचे. मी नुसता बसून असायचो.

माझ्या तारांना हात लावायच्या आधी तात्या दोन गोष्टी करायचे. लाईन बंद केली की डेअरीकडं तोंड करून ओरडायचे, "पंखा थांबला काय ओऽऽ?" आतून "थांबलाऽऽ" असं आलं की लाईन खरंच बंद झाली हे कळायचं. मग पिशवीतली लोखंडी साखळी काढून ते तारांवर टाकायचे. तारेत चुकूनमाकून वीज राहिली असेल, तर ती साखळीतून जमिनीत जाते, माणसाच्या अंगातून जात नाही. पहिली काही वर्षं दोन्ही गोष्टी नेमानं झाल्या. पण पंख्यानं कधीच खोटं सांगितलं नाही, म्हणून पुढं पुढं साखळी पिशवीतच राहायला लागली. तेव्हा वीज एकाच वाटेनं यायची, वरून माझ्यात आणि माझ्यातून घरांत, पाटाचं पाणी उताराकडं जातं तशी. पंखा थांबला म्हणजे पाट कोरडा, असा साधा कारभार होता.

मग महापूर आला. २०१९चा ऑगस्ट. वाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की आमच्याकडची माणसं गुरं उंचावर न्यायच्या तयारीला लागतात. त्या वेळी तर तयारीलाही सवड मिळाली नाही. तात्या छातीभर पाण्यातून माझ्यापर्यंत आले, त्यांनी माझी वीज तोडली आणि खांबाला थाप मारून म्हणाले, "बस बाबा आता गप." नऊ दिवस मी पाण्याखाली होतो. पाणी उतरल्यावर मला कारखान्यात नेऊन भट्टीत वाळवलं, नवीन तेल भरलं. अंबूबाईंचा एकही वेढा हलला नव्हता.

परत आणलं तेव्हा मला डेअरीच्या खोलगटात न ठेवता उंचावर, शाळेजवळ बसवलं. हे वीज कंपनीनं शहाणपणाचंच केलं. डेअरीपाशी उंच माचावर माझ्या दुप्पट ताकदीचा नवाकोरा डीपी दिला. माझ्याकडं आता शाळा, चिमणाबाईंची पिठाची गिरणी आणि वरच्या आळीतली घरं. पण गंमत बघा. माझी ट्रॉली वेशीत शिरली तशी माणसं ओरडली, "आला बघा, डेअरी डीपी आला!" जागा बदलली, तरी नाव माझ्याबरोबर ट्रॉलीत बसून आलं. डेअरीजवळच्या त्या थोरल्याला सगळे नुसतं 'नवा डीपी' म्हणायला लागले.

कंपनीच्या कचेरीतल्या यादीत मात्र मी 'शाळा डीपी, नंबर चौदा' झालो होतो आणि तो थोरला 'डेअरी डीपी, नंबर पंधरा'. आमच्या अंगावर नंबर रंगवायचे होते. ते राहून गेलं.

मित्रांनो, खरं सांगू? मला आनंद झाला होता. शाळेपाशी बसून डेअरीचा मान मिळत असेल तर कुणाला नको असतो? मला तोंड असतं तरी मी 'अहो, ते नाव आता माझं नाही' असं म्हटलं नसतं. त्या मोठेपणाची आज मला लाज वाटते.

आणखी एक गोष्ट राहून गेली. पूर्वी माझ्या डोक्यावर तीन फ्यूज होते. खालून काठीनं ते पाडले की वरची वीज तुटायची. पुरात ते गेले. पुन्हा बसवताना सामान कमी पडलं, म्हणून 'तात्पुरती' सरळ तार जोडली. आपल्याकडं तात्पुरतं किती वर्षं टिकतं, ते तुम्हाला शाळेच्या गळक्या नळावरून माहीतच असेल. त्यामुळं मला बंद करायचं तर गावाच्या वेशीवर जावं लागायचं. तिथं अकरा हजारांच्या लाईनला दोन फाटे फुटतात, एक माझा, एक नव्याचा. प्रत्येक फाट्याच्या खांबाला एक दांडा आहे. दांडा खाली ओढला की तो फाटा बंद. तात्या स्वतः गाडीवरून तिथं जायचे, डावा दांडा ओढायचे आणि माझ्याकडं यायचे. दांड्यांवरच्या पाट्या त्यांनी कधी वाचल्या नाहीत. सगळी लाईन त्यांच्या डोक्यात होती.

मग गावात छपरांवर वीज पिकायला लागली. सरकारची योजना आली आणि वरच्या आळीत सगळ्यांत आधी नेमगोंडा अण्णांनी सौर पॅनेल बसवले. अण्णा म्हणजे आमच्या गावचे जुने बागायतदार, बोलायला सावकाश, पण करायला पहिले. सीताक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पॅनेलला हळदकुंकू लावलं. त्यांचं बघून शेजारी, शेजाऱ्यांचं बघून भावकी. दोन-तीन वर्षांत माझ्या तारेवरची सतरा घरं आणि अठरावी शाळा, एवढी छपरं निळी झाली.

पहिल्यांदा उलटी वीज आली तो दिवस मला आठवतो. भर दुपार. माणसं रानात, घरं बंद, पंखे बंद. छपरांवरची वीज वापरायला कुणी नाही, म्हणून ती तारेतून माझ्याकडं चढू लागली. मी आयुष्यभर देणारा, मला घ्यायचं माहीतच नव्हतं. बरं वाटलं हो! पोरं मिळवती झाली की म्हाताऱ्याला वाटतं तसं. पण सगळीच एका वेळी घेऊन आली तर म्हाताऱ्यानं ठेवायचं कुठं? दुपारी बारा ते दोन माझ्या तारांतला दाब, म्हणजे व्होल्टेज, चढू लागला. तो फार चढला की छपरांची यंत्रं स्वतःला वाचवायला बंद पडतात. लखलखीत ऊन पडलेलं आणि अण्णांचं मीटर थांबलेलं. चिमणाबाईंच्या गिरणीतले दोन बल्ब फुटले. शाळेतला एक कॉम्प्युटर जळला, तेव्हा शाळेनं दाराजवळ एक डबी बसवून घेतली. दाब वाढला की ती डबी शाळेची वीज आपोआप तोडायची. ही डबी ध्यानात ठेवा.

असं होऊ नये म्हणूनच तर कंपनीत आधी आखणी करतात. कुठल्या डीपीवर किती घरं आहेत, त्यांतल्या किती छपरांवर पॅनेल आहेत, दुपारी किती वीज उलटी येणार, डीपी ती पेलेल का, का थोडी घरं शेजारच्या डीपीवर टाकायची, हे सगळं आधी कागदावर ठरतं. मगच नव्या छपराला परवानगी मिळते. आमच्याकडं हे काम अनुजा मॅडम करायच्या. कोल्हापूर शहरातून आलेल्या इंजिनीअर, वयानं लहान, पण यादी तोंडपाठ. डोळे झाकून त्यांनी एकही परवानगी दिली नाही. प्रत्येक अर्ज त्या यादीशी ताडून बघायच्या.

पण अर्जात एक रकाना होता, 'घर कोणत्या डीपीवर आहे?' वरच्या आळीतला प्रत्येक माणूस सांगायचा, "लिवा की, डेअरी डीपी." खातरजमा करायला तात्यांना विचारलं जायचं. तात्या म्हणायचे, "व्हय, डेअरी डीपीच." खोटं कुणीच बोलत नव्हतं. कचेरीत मॅडम यादी बघायच्या. डेअरी डीपी, नंबर पंधरा, मोठा आहे, जागा भरपूर. मंजूर. अशी सतरा घरं कागदावर त्या थोरल्याच्या अंगावर गेली आणि खरी माझ्या अंगावर आली. कागदावर माझ्याकडं एकच छप्पर होतं, ते शाळेचं.

दुपारी माझं घूंऽऽ बदलतंय, हे तात्यांच्या कानाला कळलं. माझ्याखाली उभं राहूनच त्यांनी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, डेअरी डीपी दुपारचा कण्हतोय बघा. होल्टेज लई चढतंय."

"काका, तो तर चांगला दणकट आहे," फोनमधून मॅडमचा आवाज आला. "एवढ्या छपरांनी त्याला काही व्हायला नको. असं करा, त्याचा टॅप एक घर खाली घ्या, दाब उतरेल. मग मी येऊन बघते."

"या तर खरं एकदा. कागदावर न्हाय कळायचं हे."

"याच आठवड्यात येते, काका."

तात्या माझ्याबद्दल बोलत होते आणि मॅडम नव्याबद्दल. तरीही दोघांचं एकमत झालं.

टॅप म्हणजे माझ्या अंगावर वरच्या बाजूला असलेली एक खुंटी. ती एक घर फिरवली की मी खाली सोडतो त्या विजेचा दाब थोडा उतरतो. पण ती फिरवताना माझ्यात वीज असता कामा नये. शिवाय ती खुंटी अकरा हजारांच्या तारांपासून जेमतेम हातभर लांब आहे.

तो मार्चमधला बुधवार होता. दुपारचे साडेबारा वाजले असतील. तात्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून वेशीवर दांडा ओढायला त्यांनी पृथ्वीराजला उभं केलं होतं. पृथ्वीराज आजऱ्याकडून नुकताच बदलून आलेला वायरमन. तात्या त्याला 'आजऱ्याचं पावणं' म्हणून चिडवायचे, पण पोरगा कामाला चोख होता. तात्यांनी फोन केला.

"पावणं, डेअरी डीपीचा दांडा वढा खाली."

पृथ्वीराजनं दांड्यांवरच्या पाट्या वाचल्या. डाव्यावर 'शाळा', उजव्यावर 'डेअरी'. त्यानं उजवा दांडा ओढला, कुलूप घातलं आणि सांगितलं, "वढला, तात्या. झाली बंद." त्याला जे सांगितलं तेच त्यानं केलं. नवा डीपी बंद झाला आणि मी चालूच राहिलो.

तात्यांनी फोन पिशवीत टाकला, पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली आणि सवयीनं शाळेकडं तोंड केलं. "पूर्णिमाबाई, पंखा थांबला काय ओऽऽ?"

पूर्णिमाबाई चौथीच्या मुलांना भागाकार शिकवत होत्या. त्यांनी वर बघितलं. पंखा थांबलेला होता. त्यांनी खिडकीतून सांगितलं, "थांबलाय होऽऽ!"

थांबलेलाच होता, मित्रांनो. पण तो पंधरा मिनिटांपूर्वी थांबला होता. उन्हाच्या जोरानं दाब चढला होता आणि त्या डबीनं शाळेची वीज तोडली होती. थांबला का, असं तात्यांनी विचारलं. थांबला, असं बाईंनी सांगितलं. कधी थांबला, हे त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

एरवी तात्यांनी माझा आवाज ऐकला असता. पण नेमका तेव्हाच उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्याला आडवा उभा होता आणि त्याच्यावरची गाणी अशी मोठ्यानं लागली होती की शाळेच्या खिडक्या थरथरत होत्या. मी ओरडत होतो हो! चालू आहे, तात्या, चालू आहे! पण माझं ओरडणं म्हणजे घूंऽऽ, आणि ते त्या गाण्यात बुडून गेलं. तिकडं डेअरीतली लाईट गेली म्हणून डेअरीच्या सेक्रेटरीनं तात्यांना फोन लावला. तो पिशवीत वाजत राहिला. साखळीही त्याच पिशवीत होती.

तात्या माचावर चढले. उजवा हात खुंटीकडं नेला.

पुढचं मी सांगणार नाही. तुमच्यातले काही जण तेव्हा खिडकीपाशी होते, त्यांनाही कुणी ते विचारू नका.

तात्या वाचले. कोल्हापूरच्या दवाखान्यात दीड महिना होते. जीव राहिला, हात गेला. ज्या हातानं मला नारळ फोडला, पुरात माझी वीज तोडून मला वाचवलं, रोज सकाळी थाप मारली, तोच हात मी घेतला. दुसऱ्या कुणाचा घेतला असता तर चाललं असतं, असं मी म्हणत नाही. पण त्यांचाच का घ्यावा?

चंद्रीचं काय झालं, ते मला डेअरीत जाणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. पहिले आठ दिवस तिनं कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. कास दगडासारखी झाली, ती रेकायची आणि झुंबरबाई तिच्या गळ्यात पडून रडायच्या. "आगं, त्येंचा हातच न्हाय आता, कुठनं आणू?" असं त्या म्हशीला सांगायच्या. पुढचे दिवस रेडकावरच निघाले. तात्या घरी आल्यावर ते तिच्या अंगाला उभे राहिले, डावा हात तिच्या पाठीवर ठेवला, तेव्हा कुठं तिनं झुंबरबाईंना खाली बसू दिलं. अजूनही रोज तसंच चालतं.

अनुजा मॅडम अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या. याच आठवड्यात येते म्हणाल्या होत्या, तशा आल्या. हातात यादी. माझ्याकडं बघितलं, यादीत बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. गिरणीच्या दारात चिमणाबाई उभ्या होत्या.

"मावशी, हा शाळा डीपी ना?"

"न्हाय ओ! ह्यो डेअरी डीपी."

"मग डेअरीपाशी आहे तो?"

"त्यो नवा डीपी."

"डेअरीपाशी आहे तो डेअरी डीपी नाही?"

"न्हाय की! कसा आसंल? डेअरी डीपी ह्योच. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

मॅडम शाळेच्या पायरीवर बसल्या. यादी मांडीवर उघडी तशीच. पूर्णिमाबाईंनी तांब्या आणून दिला, तो त्यांनी नुसता हातात धरला.

तात्या जूनमध्ये माझ्यापाशी आले. शर्टाची उजवी बाही मोकळी, दुमडलेली नाही, तशीच लोंबणारी. मॅडमही आल्या होत्या.

"काका, कागदावर सगळं बरोबर होतं," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"व्हतं की. पर माझ्या डोक्यातलं कुठं कागदावर व्हतं?" तात्या म्हणाले. "तुमी मागितलं न्हाय आन् मी दिलं न्हाय. तीस वर्सं नुसतं डोक्यात घिऊन हिंडलो. आता रडू नगासा. वही काढा."

मग दोघांनी गाव पालथं घातलं. एकेका खांबापासून एकेका घरापर्यंत तार बघत चालायचं. तात्या डाव्या हातानं दाखवायचे, मॅडम लिहायच्या. हे घर चौदावर, हे पंधरावर. एवढी पॅनेल, एवढे पंखे, दुपारी घरात कोण असतं. नेमगोंडा अण्णांच्या माळ्यावर तर छपराची वीज साठवायची बॅटरी निघाली. कुणाला न कळवता बसवलेली.

"सांगायचं ऱ्हायलं बगा," अण्णा सावकाश म्हणाले.

"अण्णा, लाईन बंद करून कुणी खांबावर चढला आन् ह्या बॅटरीतनं वीज उलटी फिरली तर?" तात्यांनी रिकामी बाही पुढं केली. "ह्यो बघा, ऱ्हायल्यालं असं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः कचेरीत जाऊन लिहून देऊन आले.

आखणी नव्यानं झाली. सात घरं माझ्यावरून काढून थोरल्यावर टाकली. माझ्या डोक्यावर तीन फ्यूज आले, ते 'तात्पुरतं' एकदाचं संपलं. चिमणाबाईंची गिरणी संध्याकाळी चालायची. मॅडम त्यांना म्हणाल्या, दुपारी चालवा, म्हणजे छपरांची वीज गावातच वापरली जाईल. चिमणाबाई खवळल्या, "आन् मी पडू कवा वाईच?" पण आता दुपारी बारा वाजले की गिरणीचा पट्टा फिरायला लागतो, बायका डबे घेऊन येतात आणि मला हलकं वाटतं. एवढं सगळं आधी करता आलं असतं. त्यासाठी कुणाचा हात जायची गरज नव्हती, ही गोष्ट मला सोसत नाही.

नंबर रंगवायचं काम तात्यांनी मागून घेतलं. पृथ्वीराज म्हणाला, "तात्या, मी रंगवतो की." तात्यांनी त्याला डबा धरायला लावलं. त्या प्रकारानंतर पृथ्वीराज त्यांच्याशी डोळ्याला डोळा देत नसे. तात्या त्याला म्हणाले, "पावणं, तू वाचून केलंस. बराबर केलंस. मी बिनवाचता बोललो." आणि डाव्या हातानं माझ्या अंगावर पिवळ्या रंगात आकडे काढले. एक सरळ आला, चाराचं पोट जरा वाकडं झालं. खाली लिहिलं, शाळा. माझं डेअरीचं नाव त्या दिवशी गेलं, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

श्रावणात एकदा माझा तो टॅप फिरवायचं राहिलेलं काम निघालं. पृथ्वीराज वर चढणार होता, तात्या खाली उभे. लाईन बंद केली, फ्यूज पाडले. तात्यांनी शाळेकडं तोंड केलं.

"पूर्णिमाबाई, पंखा थांबला काय ओऽऽ?"

उत्तर आलं नाही. तात्या थांबले. पृथ्वीराज थांबला. वर्गातून बाकं सरकल्याचा आवाज आला, मग बाई दाराजवळच्या डबीपाशी आलेल्या दिसल्या. त्यांनी डबी बघितली, आत जाऊन पंख्याचं बटण दोनदा दाबून बघितलं, आणि मग खिडकीत आल्या. मला एकदम अंबूबाईंचा लाल दोरा आठवला.

"आत्ता थांबला, तात्या!" त्यांनी खिडकीतून सांगितलं. "तुम्ही लाईन बंद केलीत तेव्हाच थांबला. तोवर फिरत होता. डबी पडलेली नाही."

"टाक साखळी," तात्या पृथ्वीराजला म्हणाले. साखळी पडली. मगच पोरगा वर चढला, खुंटी फिरवली आणि दोन्ही हात घेऊन खाली उतरला.

जाताना तात्या माझ्या खांबापाशी आले. जुनी सवय, दुसरं काय! उजवा खांदा पुढं झाला आणि रिकामी बाही खांबाला लागली. तिचा आवाज झाला नाही. मग त्यांनी डावा हात उचलला आणि थाप मारली.

"काय चौदा नंबर, बरं हाय न्हवं?"

मला ओ देता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते. कुणी खांबाखालून हाक मारून तुम्हाला विचारलं, तर नुसतं 'थांबला' म्हणून मोकळे होऊ नका. आधी वर बघा, कधी थांबला ते बघा, आणि मग ओ द्या.